पुस्तक मिटून जमते ती कृती वाचनाची नव्हे: सातवीच्या वर्गात ‘अ‍ॅलिस’ वाचताना

प्रश्न असा आहे: चोपडा तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, सातवीचा वर्ग, ३८ मुलं. ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’च्या मराठी अनुवादाच्या सहा प्रती हाताशी आहेत. आठवड्याला दोन तास काढता येतात. मुलांच्या घरी कुठे अहिराणी, कुठे गुजर बोली, कुठे पावरी. वाचून दाखवलं तर दहा मिनिटांत निम्मी मुलं खिडकीबाहेर बघू लागतात. कमी खर्चात हातांनी करण्यासारखं काय देता येईल?

ताई, कृती सुचवायच्या आधी एक कसोटी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कोणतीही कृती ठरवली की स्वतःला विचारा: पुस्तक मिटून ठेवून मुलांना हे करता येईल का? करता येत असेल, तर तो कार्यानुभवाचा तास झाला. सशाचा मुखवटा पुस्तक न उघडता होतो. राणीचा मुकुटही होतो. मुलं रमतात, भिंत सजते, आणि पुस्तक होतं तिथेच राहतं. उलट ‘अ‍ॅलिसच्या मापाची बाहुली करा’ म्हटलं, की पहिला प्रश्न येतो, ‘माप किती?’ आणि हात आपोआप पानाकडे जातो. कृती अशीच हवी की पान उघडल्याशिवाय ती पुढे सरकूच नये.

त्यासाठी एक साधं साधन ठेवा: पुराव्याची चिठ्ठी. ए-फोर कागदाचे आठ तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यावर पान क्रमांक, वाक्याचे पहिले चार शब्द आणि ‘त्यावरून आम्ही काय केलं’ ही एक ओळ. ३८ मुलं आणि १२ प्रकरणं म्हणजे ४५६ चिठ्ठ्या, म्हणजे ५७ कागद. एका बाजूने वापरलेले कागद चालतात. चिठ्ठी जोडलेली नसेल तर काम स्वीकारायचं नाही, मग ते कितीही देखणं असो. पहिले दोन आठवडे मुलं कुरकुरतात. तिसऱ्या आठवड्यापासून तीच एकमेकांना विचारू लागतात, ‘कोणत्या पानावर आहे, दाखव.’

आता हातातली प्रत तपासा. मूळ इंग्रजी पुस्तक १८६५ सालचं, लुईस कॅरोल या टोपणनावाने लिहिलेलं. लेखक ऑक्सफर्डला गणित शिकवत असे, आणि पुस्तकात मापं, आकडे, तर्क यांची इतकी रेलचेल का, हे त्यावरून कळतं. मराठीत पूर्ण अनुवादही मिळतात आणि संक्षिप्तही. संक्षिप्तात सगळ्यात आधी कात्री लागते ती आकड्यांना आणि शब्दांच्या खेळांना, आणि आपल्या कृती नेमक्या त्यांच्यावरच चालतात. म्हणून तीन ठिकाणं बघा. पहिल्या प्रकरणात अ‍ॅलिस किती इंचांची झाली, ते दिलं आहे का? तिसऱ्या प्रकरणातली उंदराची गोष्ट शेपटीच्या आकारात छापली आहे का? आठव्यात माळ्यांची नावं दुर्री, पंजी, सत्ती अशी आकड्यांची आहेत का? तिन्ही ठिकाणी काही नसेल तर त्या प्रतीवर ‘गोष्ट’ तेवढी कळेल, पुस्तक नाही. तेवढ्यापुरते मुळातले उतारे तुम्ही मराठीत करून फळ्यावर लिहा. मूळ मजकूर आणि जॉन टेनिएलची ४२ चित्रं आता स्वामित्वहक्काबाहेर आहेत, तेव्हा ती छापून वाटायला हरकत नाही. अनुवादावर मात्र अनुवादकाचा हक्क असू शकतो, म्हणून सबंध पुस्तकाच्या झेरॉक्स काढू नका.

सहा प्रती, म्हणजे सहा गट: चार गट सहा-सहांचे, दोन सात-सातांचे. गटात एक जण मोठ्याने वाचेल, एक ओळीखाली बोट फिरवेल, एक आकडा किंवा माप आलं की ‘थांब’ म्हणेल, एक अडलेला शब्द टिपेल, एक चिठ्ठी लिहील, एक हाताने करेल. कामं दर प्रकरणाला बदलायची. न बदलल्यास हुशार मूल कायम वाचत राहतं आणि ज्याला वाचायला जड जातं ते कायम कात्री धरून बसतं. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तेच मूल त्यातून निसटतं. दोन तासांपैकी एक वाचनाचा, एक करण्याचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू केलं की प्रकरणामागे एक आठवडा धरून फेब्रुवारीअखेर बारा प्रकरणं निवांत होतात.

सगळ्यात जास्त वेळ उंचीच्या दोरीला द्या. ती पहिल्या आठवड्यात टांगायची आणि शेवटच्या दिवशीच उतरवायची. लागतं काय, तर सव्वातीन मीटर सुतळी, मोजण्याची टेप, लाल आणि पिवळा कागद, खळ. वर्गाच्या भिंतीवर छताजवळच्या खिळ्याला दोरी बांधून जमिनीपर्यंत सोडा. भिंत तीन मीटर नसेल तर व्हरांड्यात आडवी ताणा, फरक पडत नाही. अ‍ॅलिसची उंची जिथे जिथे बदलते तिथे मुलांनी दोरीवर खूण करायची. पुस्तकात आकडा दिला असेल तर लाल कागद. आकडा नाही, पण कशाशी तरी तुलना आहे, तर पिवळा, आणि अंदाज कसा काढला ते चिठ्ठीवर.

तुमच्या हाताशी उत्तरं असू द्या. बाटलीतलं पिऊन ती १० इंच होते, म्हणजे २५ सेंमी. बागेत जाणारं दार १५ इंच, ३८ सेंमी. केक खाऊन ९ फुटांहून जास्त, म्हणजे २७४ सेंमीच्या वर. हातातल्या पंख्याने आक्रसताना मध्येच मोजते तेव्हा सुमारे २ फूट, ६१ सेंमी. सुरवंटाला भेटते तेव्हा ३ इंच, साडेसात सेंमीच्या किंचित वर. सुरवंटाचीही उंची नेमकी तितकीच, आणि ‘तीन इंच ही काय उंची झाली’ या तिच्या बोलण्याने तो म्हणूनच दुखावतो. चार फुटी घरापाशी ती ९ इंच होते, २३ सेंमी. चहाच्या टेबलाकडे जाताना २ फूट, आणि शेवटी बागेच्या दारातून आत जाताना सुमारे १ फूट. सशाच्या घरात मात्र आकडा नाही: एक हात खिडकीबाहेर, एक पाय धुराड्यात. तिथे पिवळा कागद, आणि तिथेच गटागटात खरी जुंपते. जुंपू द्या.

चुका ठरलेल्या होतात. मुलं १ इंच म्हणजे २ सेंमी धरतात, मग ९ फूट २१६ सेंमीवर येतात. ३ धरतात, तर ३२४ होऊन दोरीच संपते. २.५४ ने गुणायला लावा आणि शेवटी एकदाच पूर्णांक करा. दुसरी चूक गाठीची: सुतळीला गाठ मारली की दोन-तीन सेंमी दोरी गाठीतच जाते आणि खालच्या सगळ्या खुणा सरकतात. खूण कागद चिकटवून किंवा रंगीत दोऱ्याने करा. तिसरी, दोरी ताणून मोजायची आणि सैल टांगायची. टांगल्यावरच मोजा, आणि जमिनीकडून वर. आपल्याला उंची हवी आहे, म्हणून शून्य खाली.

दोरीच्या पायथ्याशी ३८ सेंमीचं पुठ्ठ्याचं दार आणि २५ सेंमीची बाहुली ठेवा. बाहुलीला ज्वारीचा धांडा कणा म्हणून चांगला, हलका असतो. पण सोललेल्या धांड्याची साल पात्यासारखी कापते, म्हणून सोलून द्यायचं काम तुम्ही आधीच करा. वरून चिंध्या गुंडाळून केळीच्या सोपटाने बांधायचं. सोपट दहा मिनिटं पाण्यात भिजवलं नाही तर वळवताना तुटतं. बाहुली दारातून सहज जाते. मग ती बागेत का गेली नाही? मुलांना वाटतं, दार लहान होतं. पान उघडायला लावा. दार तोवर लहान राहिलेलंच नव्हतं. किल्ली काचेच्या टेबलावर राहिली होती. बाहुली शिक्षकांच्या टेबलाच्या पायाशी उभी केली, की टेबल तिच्या जवळपास तिप्पट उंच दिसतं आणि ती रडत का बसली ते न सांगता कळतं. वर्गातली मुलं साधारण १४० ते १५० सेंमीची. प्रत्येकाने दोरीशेजारी उभं राहून आपल्यापेक्षा अ‍ॅलिस कुठे मोठी, कुठे लहान ते बघितलं की पाचव्या प्रकरणातला सुरवंटाचा प्रश्न, ‘तू कोण?’, हा मुलांना मस्करीचा वाटत नाही. सकाळपासून इतक्या वेळा बदललेल्या मुलीला त्याचं उत्तर खरोखरच देता येत नाही.

याच प्रश्नाला बोली आणा. ‘तू कोण शे?’ इथून सुरुवात करून सुरवंट आणि अ‍ॅलिस यांचा दहा-बारा वाक्यांचा संवाद प्रत्येक गटाने घरच्या बोलीत लिहायचा. अहिराणी, गुजर, पावरी, कुणाचा मामा यावल-रावेरकडचा असेल तर लेवा बोलीही. लिहिताना मुलांना प्रत्येक वाक्य नीट समजून घ्यावंच लागतं, कारण न समजलेलं वाक्य बोलीत येतच नाही. शुद्धलेखनाचे लाल शेरे इथे मारू नका. बोली मुलं जशी ऐकतात तशी लिहू देत. एका गोष्टीवर मात्र ठाम राहा: बोली फक्त विनोदी किंवा बावळट पात्रांना द्यायची नाही. उंदीर अहिराणीत आणि राणी प्रमाण मराठीत बोलली, की मुलं एका तासात शिकतात की आपल्या घरची भाषा हसण्यापुरती आहे. अ‍ॅलिस स्वतः अहिराणीत बोलू दे. राणीलाही पावरीत हुकूम सोडू दे. (सुरवंट हुक्का ओढतो. चित्रातही आहे. लपवू नका, पण तेवढ्यासाठी हुक्क्याची प्रतिकृतीही करू नका.)

तिसऱ्या प्रकरणात दोन कामं आहेत. पहिलं पळण्याचं. भिजलेले प्राणी वाळण्यासाठी गोलाकार, वाटेल तेव्हा सुरू करून, वाटेल तेव्हा थांबून अर्धा तास धावतात आणि सगळेच जिंकतात. मैदानावर पाच मिनिटं पुरे, सकाळच्या वेळी. बक्षिसाला बडीशेपेच्या रंगीत गोळ्या द्या, मुळातला खाऊही साखरेत घोळवलेलं बी अशाच जातीचा आहे. धावून झाल्यावर गटाने पुस्तकातून शोधायचं: ही शर्यत असती तर काय काय असायला हवं होतं, जे इथे नाही? सुरुवात, शेवट, अंतर, पंच, हरणारा. आणि बक्षीस वाटणाऱ्या अ‍ॅलिसला काय मिळालं? तिचंच अंगुस्तान, तिलाच परत. ज्या गटाने नुसतं धावून घेतलं त्याला हे सापडत नाही.

दुसरं काम उंदराच्या शेपटीचं, आणि अनुवाद वाचणाऱ्या वर्गाला ते फार मोलाचं आहे. इंग्रजीत ‘टेल’ म्हणजे गोष्टही आणि शेपूटही, उच्चार एकच. उंदीर म्हणतो माझी गोष्ट लांब आणि दुःखाची आहे, आणि अ‍ॅलिस बघत बसते त्याच्या शेपटीकडे. मराठीत हे सरळ येत नाही. पण आपल्याकडे न संपणाऱ्या गोष्टीला मारुतीचं शेपूट म्हणतातच. हा धागा वर्गाला द्या आणि विचारा, उंदराने मराठीत काय म्हणावं म्हणजे अ‍ॅलिसचा असाच घोटाळा होईल? तुमच्या प्रतीतल्या अनुवादकाने काय केलं, तेही पडताळा. मग शेपूट लिहायचं. मूळ कवितेत एक कुत्रा उंदराला म्हणतो, चल खटला चालवू, न्यायाधीश मी, पंचही मीच. तेवढा आशय घेऊन मुलांनी आठ ते बारा ओळी रचायच्या. ६० सेंमी लांब, १२ सेंमी रुंद कागदाची पट्टी, त्यावर पेन्सिलीने नागमोडी वाट, वर ६ सेंमी रुंद आणि खाली १ सेंमी. अक्षर खाली येताना लहान होत जायचं.

देवनागरीत इथे एक अडचण येते, जी इंग्रजीतल्या नमुन्यांवरून कळत नाही. आपल्या अक्षराला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतो. अक्षर बारीक होत गेलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. म्हणून सर्वांत लहान अक्षरही ४ मिलिमीटरच्या खाली नेऊ नका, ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा, आणि वळणावर शब्द तोडायचा नाही, अख्खा शब्द खाली न्यायचा. जोडाक्षरांचे शब्द वरच्या रुंद भागात येतील अशी रचना केली तर उत्तम. शेवटच्या ओळीला दोन-तीन अक्षरी शब्दच लागतात हे ध्यानात आल्यावर मुलं शब्द पारखू लागतात. मला या कृतीचा खरा लाभ तिथे दिसतो.

शब्दांचा हाच खेळ नवव्या प्रकरणात परत येतो. तिथे नकली कासव आपल्या समुद्राखालच्या शाळेतले विषय सांगतो आणि प्रत्येक विषयाचं नाव वाकडं झालेलं असतं. अनुवादात ही नावं बहुधा फिकी पडतात, म्हणून मुलांकडून नवी करून घ्या. नियम दोन: मूळ शब्दातली एक-दोन अक्षरंच बदलायची, आणि नव्या शब्दाला अर्थ हवा. वाचनाचं नाचन, लेखनाचं लोळण, बेरजेची बेजारी, वजाबाकीची मजाबाकी, इतिहासाचं इतिहास्य. एवढे नमुने फळ्यावर लिहिले की पुरतात. याच शाळेत पहिल्या दिवशी १० तास, दुसऱ्या दिवशी ९, असे तास कमी होत जातात. चिंचोके मांडून मुलांनी बघावं: दहा दिवसांत ५५ तास होतात आणि अकराव्या दिवशी सुट्टी. बाराव्या दिवशी काय, असं अ‍ॅलिस विचारते आणि कुणी तरी विषय बदलतं. कासवाला वासराचं डोकं का, हे मुलं चित्र बघून विचारतीलच: कासवाच्या सूपाची नक्कल तेव्हा तिकडे वासराचं डोकं घालून करत, आणि त्या ‘नकली कासवाच्या सूपा’वरूनच हा प्राणी कल्पिला आहे.

सहाव्या प्रकरणाला सामान काहीच लागत नाही. पाटीवर खडूने हसरं मांजर काढायचं. मग ते नाहीसं होतं ते वाक्य मोठ्याने वाचायचं आणि ओल्या बोटाने त्याच क्रमाने पुसत जायचं: शेपटीच्या टोकापासून सुरुवात, हसू सर्वांत शेवटी. ज्यांनी वाक्य नीट ऐकलं नाही ते डोक्यापासून पुसतात, आणि चूक पाटीवर लगेच दिसते. याच प्रकरणात स्वयंपाकघरात मिरपुडीने सगळे शिंकतात. वर्गात खरी मिरपूड किंवा तिखट आणू नका, डोळ्यांत गेलं तर तास तिथेच संपतो. वाचताना ठराविक शब्दावर गटाने शिंकायचं, एवढं पुष्कळ.

सातव्या प्रकरणातल्या चहाची गंमत मांडणीत आहे. चहा-बिस्किटं वाटली की गोड आठवण राहते, वाचन राहत नाही. त्याऐवजी जमिनीवर खडूने गोलाकार १२ जागा आखा, प्रत्येक जागी कागदाचा पेला उपडा. चार मुलं टोपीवाला, डोरमाऊस (उंदरासारखा झोपाळू प्राणी), ससा (हा मार्च हेअर, आधीच्या घराचा मालक असलेला पांढरा ससा नव्हे) आणि अ‍ॅलिस. आधी कोण कुणाशेजारी बसलंय ते पुस्तकातून ठरवायचं. टोपीवाला म्हणतो, मला स्वच्छ पेला हवा, सगळे एकेक जागा सरका. तो पुढे, त्याच्या जागी डोरमाऊस, त्याच्या जागी ससा, सशाच्या जागी नाइलाजाने अ‍ॅलिस. पेला वापरला की सुलटा करायचा. ही खूण केली नाही तर मुलं नुसती गोल फिरतात आणि काहीच उमगत नाही. खूण केली की दुसऱ्या-तिसऱ्या वेळी अ‍ॅलिस झालेलं मूलच तक्रार करतं: स्वच्छ पेला फक्त टोपीवाल्यालाच मिळतोय! पुस्तकात तेच लिहिलंय. शिवाय सशाने दूध सांडलेली ताटली तिच्या वाट्याला. आता हिशेब: १२ जागांत चार भरलेल्या, आठ स्वच्छ. नवव्यांदा सरकताना काय होईल? टोपीवाला अ‍ॅलिसच्या मूळ जागेवर येतो आणि उष्टा पेला त्याच्याही नशिबी येतो. सगळं टेबल संपल्यावर काय, हा प्रश्न अ‍ॅलिस विचारते आणि तिथेही उत्तर टाळलं जातं. (झोपाळू डोरमाऊसच्या गोष्टीतली विहीर ज्याची आहे त्याला ‘काकवी’ हाच शब्द बसतो. मुलांना चव लगेच कळते.)

टोपीवाल्याचं घड्याळ तास दाखवत नाही, तारीख दाखवतं. ते करायचं तर ३१ सारखे भाग पाडायचे, आणि कोनमापकाने ते सातवीला जमत नाही, कारण एक भाग ११ अंशांपेक्षा थोडा जास्त येतो. सोपी वाट अशी: ३१ सेंमी लांब कागदी पट्टीवर दर सेंमीला एक तारीख लिहायची, आणि ४.९ सेंमी त्रिज्येच्या पुठ्ठ्याच्या चकतीभोवती ती गुंडाळून चिकटवायची. परीघ जेमतेम ३१ सेंमी भरतो. त्रिज्या ५ घेतली तर टोकांत अर्ध्या सेंमीची फट पडते. आता काटा कुठे ठेवायचा? अ‍ॅलिस म्हणते आज ४ तारीख, टोपीवाला म्हणतो दोन दिवस चुकलं. मागे की पुढे, ते पुस्तक सांगत नाही. म्हणजे २ किंवा ६, दोन्ही चालतात, आणि चिठ्ठीवर ‘पुस्तकात दिलेलं नाही’ असं लिहिणारा गट सर्वांत बारकाईने वाचणारा. महिना मे, हे मात्र आदल्या प्रकरणात आलं आहे. आपल्याकडे मे म्हणजे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपासचं रणरणतं ऊन, तिकडे मे म्हणजे फुलांचा वसंत. हे सांगितलं नाही तर मुलांच्या डोळ्यांसमोर ती बाग करपलेलीच राहते.

आठव्या प्रकरणासाठी पत्ते लागतात, आणि इथे एक सांभाळायला हवं. गावात पत्त्यांचा संबंध जुगाराशी जोडला जातो, पालक हरकत घेऊ शकतात. खरा कॅट आणू नका. कार्डशीटचे ६ बाय ९ सेंमीचे तुकडे कापून मुलांकडूनच रंगवून घ्या, आणि मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा. माळी इस्पिकचे, शिपाई किलवरचे, दरबारी चौकटचे, राजाची मुलं बदामची. इंग्रजीत इस्पिकच्या नावाचाच अर्थ फावडं, किलवरच्या नावाचा अर्थ सोटा, म्हणून ही वाटणी. मराठीत तो दुवा तुटतो, तो तुम्ही सांगा. मग सगळे पत्ते पालथे टाका आणि विचारा, यातले माळी कोणते? सांगता येत नाही. राणीलाही येत नाही, पालथे पडलेले माळी की तिचीच तीन मुलं हे तिला ओळखता येत नाही. दोन मिनिटांत तो परिच्छेद पक्का बसतो.

याच प्रकरणातला क्रोकेचा खेळ मुलांनी पाहिलेला नसतो. आधी साधा खेळवा: लाकडी ठोकळ्याच्या हातोड्याने चेंडू कमानींतून न्यायचा. मग पुस्तकातला: तिथे हातोडा म्हणजे फ्लेमिंगो पक्षी आणि चेंडू म्हणजे एक काटेरी प्राणी. जुन्या सदऱ्याच्या बाहीत चिंध्या भरून फ्लेमिंगो करा, पण मानेकडची १५ सेंमी अर्धवटच भरा, म्हणजे मान लवते आणि फटका फसतो. घट्ट भरलीत तर तो नुसता सोटा होतो. कमानी म्हणजे वाकून उभी राहिलेली मुलं, जी मध्येच उठून चालू लागतात. चेंडूचं नाव अनुवादात ‘साळिंदर’ छापलेलं असेल तर ते दुरुस्त करून सांगा. साळिंदर दहा किलोच्या वर भरतं आणि त्याचा चेंडू होत नाही. मुळातला प्राणी (हेजहॉग) काटेरी पण ओंजळीत मावेल असा लहान, आणि तो अंग गोळा करून खरोखर चेंडू होतो.

शेवटची दोन प्रकरणं एकत्र घ्या: खटला. बारा मुलं पंच, प्रत्येकाच्या हाती पाटी. जाम भरलेल्या छोट्या टार्ट चोरल्याचा आरोप पत्त्यांतल्या बदामच्या गुलामावर आहे. टोपीवाला, आचारीण आणि अ‍ॅलिस यांच्या साक्षी गटांनी पुस्तकातून जशाच्या तशा वाचायच्या. पंचांनी पाटीवर एवढंच लिहायचं: या साक्षीदाराने चोरी होताना काय पाहिलं? स्वतःचं मत लिहायचं नाही. मुलं आधी पुष्कळ लिहितात: १४ मार्च, १५ मार्च, १६ मार्च, मिरपूड, काकवी. मग प्रत्येक नोंदीला विचारा, ही चोरीबद्दल आहे का? पुसत पुसत पाटी कोरी होते. कुणीच काही पाहिलेलं नाही, पुरावा म्हणून वाचलेल्या कवितेवर सही नाही, अक्षरही गुलामाचं नाही, आणि टार्ट तर समोर टेबलावर मांडलेल्या आहेत. हे मुलांनी स्वतः शोधायचं आहे, तेव्हा खटल्याआधी तुम्ही त्यांना ‘हा अन्यायाचा खटला आहे’ असं सांगून टाकू नका.

खळीबद्दल थोडं, कारण तिच्यावर बरंच बिघडतं. दोन मोठे चमचे मैदा एका कप पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा, चिमूटभर तुरटी घाला. किडीसाठी काही जण मोरचूद घालतात. ते विषारी आहे, मुलांच्या हाती नको. आपल्याकडच्या कोरड्या थंडीत खळ भराभर सुकते आणि एकाच बाजूला लावलेला पुठ्ठा वाकतो. चिकटवल्यावर दोन पाट्यांमध्ये रात्रभर दाबून ठेवा.

खटल्याच्या दिवशी दोरीवर शेवटची खूण राहते. अ‍ॅलिस कोर्टात वाढत असते, आणि राजा बेचाळिसावा नियम वाचतो: एक मैलाहून उंच असणाऱ्या सर्वांनी कोर्ट सोडावं. मैल म्हणजे १६०९ मीटर. गावापासून फाट्यापर्यंतचं अंतर मुलांना ठाऊक असतं, त्याच्याशी तुलना करू द्या. राणी तर म्हणते, जवळजवळ दोन मैल. अ‍ॅलिस म्हणते, मी मैलभर उंच नाही. आकडा पुस्तकात छापलेला आहे, पण तो कथा सांगणाऱ्याचा नाही, पात्राच्या तोंडचा आहे, आणि त्या पात्राला तिला बाहेर घालवायचंय. मग लाल कागद लावायचा, पिवळा लावायचा, की काहीच लावायचं नाही? यावर मतदान घेऊ नका. प्रत्येक गटाने आपली चिठ्ठी वाचून दाखवावी आणि दोरीवर स्वतःच्या हाताने लावावी, किंवा लावू नये.